धोतर : प्रसंग, रीत आणि अधिकार

प्रास्ताविक

१० डिसेंबर २०१९ रोजी स्टॉकहोम येथे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्वीकारताना अभिजित बॅनर्जी यांनी धोतर आणि बंद गळ्याचा काळा कोट असा वेष केला होता. बॅनर्जी यांचे मातृकुल मराठी आहे. या समारंभाचा वेषसंकेत अत्यंत काटेकोर आहे. पुरुषांनी शेपटीचा काळा कोट व पांढरा बो टाय वापरावा, अथवा आपल्या देशाचा राष्ट्रीय वेष करावा, असा तो संकेत होय. याच सवलतीचा लाभ घेऊन एखादा स्कॉटिश गृहस्थ तेथे किल्ट घालून जाऊ शकतो. तथापि किल्टवाल्याला आपला पूर्ण औपचारिक वेष कोणता आणि दिवसाच्या साध्या भेटीचा कोणता, हे सांगणाऱ्या लिखित नियमावल्या सहज उपलब्ध असतात. धोतराविषयी अशी नियमावली आपल्याकडे कधी छापली गेली नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती, आणि ती पिढी गेल्यावर तिच्याबरोबरच ती जाऊ लागली आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दीक्षान्त समारंभासारख्या प्रसंगी हातमागाच्या वस्त्रांचा अवलंब करावा असे विद्यापीठांना कळविले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय शिक्षणसंस्थांना काळा झगा व टोपी सोडून, ज्या राज्यात संस्था आहे तेथील परंपरेवर आधारलेला भारतीय वेष दीक्षान्त समारंभासाठी ठरविण्यास सांगितले. असे परिपत्रक उद्या एखाद्या कोकणातील महाविद्यालयाच्या समितीपुढे आले, तर समितीतील सदस्य बहुधा 'धोतर आणि उपरणे' असे उत्तर देऊन मोकळे होतील. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कोणते धोतर, कोणत्या रीतीने नेसलेले, त्यावर काय घातलेले, आणि ते नेसण्याचा मान पूर्वी कोणाकोणाला नाकारला गेला होता, हे प्रश्न त्या उत्तराच्या पोटात दडलेले आहेत. त्यांचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मुख्यतः कोकण व देश या भागांतील, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या प्रघातापुरते मर्यादित आहे. स्त्रियांचे नऊवारी लुगडे हा स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने त्याचा उल्लेख अगदी आवश्यक तेथेच येईल.

नेसण्याचे वस्त्र

मराठी भाषा वस्त्रांची विभागणी क्रियापदाने करते. सदरा, कोट, विजार ही वस्त्रे आपण 'घालतो'. धोतर, पंचा, लुगडे, सोवळे ही 'नेसतो'. उपरणे, शाल, शेला 'पांघरतो' किंवा खांद्यावर 'घेतो'. पगडी व फेटा 'बांधतो'. घातलेल्या वस्त्राचा आकार शिंप्याने आधीच ठरवून ठेवलेला असतो. नेसलेल्या वस्त्राचा आकार नेसणारा दररोज नव्याने घडवितो. त्यामुळे एकच धोतर सकाळी विहिरीवर एका रूपात, दुपारी कचेरीत दुसऱ्या रूपात आणि रात्री कीर्तनाला तिसऱ्या रूपात दिसू शकते. धोतराची औपचारिकता समजून घेण्याची किल्ली येथे आहे.

'धोतर' या शब्दाचा संबंध 'धौत' म्हणजे धुतलेले या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. साधारण दहा हात, म्हणजे सुमारे साडेचार मीटर लांबीचे, बिनशिवणीचे हे सुती वस्त्र. पूर्वी ते जोडीने विकले जाई आणि जोडीतील एका नगाला 'पान' म्हणत. लांबीच्या दोन्ही कडांना काठ असतो. पंचा त्याहून आखूड व जाड असतो. पाच हात लांबीचा म्हणून पंचा, असे मानले जाते.

नेसण्याची सर्वसाधारण महाराष्ट्रीय रीत अशी : वस्त्र पाठीमागून कमरेभोवती घेऊन पुढे नाभीपाशी आवळून बांधावे. दोन्ही बाजूंस उरलेल्या टोकांपैकी एक पायांमधून मागे नेऊन, त्याच्या निऱ्या करून पाठीमागे खोवावे. हा कासोटा किंवा काष्टा. दुसऱ्या टोकाच्या उभ्या निऱ्या घालून त्या पुढे नाभीपाशी खोवाव्यात. निऱ्यांचे जे टोक पुढे लोंबते त्याला सोगा म्हणतात. रेशमी धोतर घसरते, सुती धरून बसते. म्हणून नवख्याने सुरुवात धुतलेल्या, खळ गेलेल्या सुती धोतराने करावी हे बरे. पूर्वी कमरेचा करगोटा या कामी आधार देई.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी या खोवण्याला मोठे महत्त्व दिलेले आहे. वस्त्र तीन ठिकाणी खोवलेले असावे, आणि कासोटा नसलेला मनुष्य वस्त्र असूनही नग्नच समजावा, असा त्यांचा कल दिसतो. गृहस्थाने नेसण्याचे एक आणि पांघरण्याचे एक अशी दोन वस्त्रे वापरावीत, एकवस्त्र राहून कर्म करू नये, असाही दंडक आहे. चिपळूणजवळील परशुराम येथे १८८० मध्ये जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात, गृहस्थाच्या आह्निकाच्या अनुषंगाने, वस्त्रविषयक नियमांची चर्चा केली आहे. धोतराबरोबर उपरणे का येते याचे मूळ या दोन वस्त्रांच्या नियमात आहे. उपरणे ही शोभेची पट्टी नव्हे. ते दुसरे वस्त्र आहे.

लौकिक श्रेणी

लोकव्यवहारात धोतराचा दर्जा ठरविणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने पाच : धोतर पायावर कोठवर येते, कापडाचा पोत, काठ, अंगावरचे वस्त्र, आणि डोके व पाय झाकलेले आहेत की नाहीत.

सर्वांत खालच्या पायरीवर कामाचा वेष येतो. कोकणातील कुळवाडी शेतात लंगोटीवर वावरे आणि अंगावर घोंगडी घेई. चिखलणीच्या कामात पायघोळ वस्त्राला जागाच नव्हती. कोळी बांधवांचा त्रिकोणी दुमडून कमरेला बांधलेला रुमाल हाही कामाशी जुळलेला वेष आहे. ज्याच्या अंगावर धोतर असे तोही कामाला लागताना सोगा वर खोवून घेई. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार या कृतीवरून आठवतो आणि त्यात धोतराचा दर्जा क्षणभर खाली आणण्याची तयारी गृहीत आहे.

घरातल्या घरात पंचा किंवा जुने मऊ धोतर, वर उघडे अंग अथवा बंडी किंवा बाराबंदी, डोके उघडे. या वेषात मनुष्य ओटीवर बसे, शेजाऱ्याशी बोले, फार तर आगरात फेरी मारी. त्यापुढे मात्र त्याला काहीतरी चढवावे लागे. उंबरठा ओलांडताना डोक्यावर टोपी किंवा रुमाल आणि खांद्यावर उपरणे आले की तो वेष गावात फिरण्याजोगा झाला. बोडक्या डोक्याने बाहेर पडणे हे शोकाचे किंवा बेपर्वाईचे लक्षण समजले जाई. आज आपण टोपीला ऐच्छिक अलंकार मानतो, परंतु त्या काळच्या श्रेणीत तिचे स्थान सोग्याइतकेच पक्के होते.

कचेरी, शाळा व महाविद्यालय यांसाठी पांढरे धुवट धोतर, सदरा, त्यावर बंद गळ्याचा लांब कोट, डोक्यावर पगडी, रुमाल अथवा पुढे काळी टोपी, आणि पायात जोडा असा संकर वेष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. कंबरेच्या खाली परंपरा आणि वर विलायती शिवणकाम अशी ही तडजोड आज कोणाला विजोड वाटेल, पण तिच्यात एक तर्क होता. न शिवलेल्या वस्त्राचे सैलपण वरच्या कोटाच्या रेखीवपणाने आवरले जाई. मोजे आणि पंपशू यांची भर नंतर पडली. तीही चांगली रुळली, कारण लांब सोडलेल्या सोग्याखाली उघडी पोटरी दिसण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला.

सर्वांत वरच्या पायरीवर सभा, दरबार, मेजवानी व मानाच्या भेटी. येथे धोतर तलम, निऱ्या चुणीदार व एकसारख्या, आणि घोळ पावलाच्या वरच्या भागाला टेकेल इतका. काठ बारीक असो वा रेशमी, पण स्वच्छ. नागपूरकडील रेशीमकाठी धोतरांना या कारणाने मोठी मागणी असे. अंगात अंगरखा, त्यावर उपरणे, डोक्यावर पगडी. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची जी छबी आपल्या डोळ्यांपुढे असते, ती याच पूर्ण वेषाची होय. गुहागर तालुक्यातील कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले कोट, उपरणे आणि पगडी अशा वेषात दिसतात; इंग्लंडमध्ये मात्र ते विलायती पोशाख करीत. या दोघांचे राजकारण जसे वेगळे, तसा त्यांचा अंगरखा व कोटही वेगळा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु कोट-उपरण्याचा वेष तेव्हा इतका सर्वत्र होता की त्यातून एवढा अर्थ काढणे योग्य होणार नाही.

किल्टची तुलना येथे उपयोगी पडते. सुमारे आठ वार लोकरी कापडाचा, मागच्या बाजूस शिवलेल्या निऱ्यांचा हा वेष १७४६ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने डोंगरी स्कॉटलंडच्या पुरुषांना वर्ज्य केला. १७८२ मध्ये तो कायदा रद्द झाला. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी योजलेल्या समारंभात खुद्द राजाच किल्ट घालून मिरवला आणि बंदीचा वेष दरबारी झाला. पुढे त्याच्या पायऱ्या निश्चित होत गेल्या. दिवसाच्या प्रसंगी जाड ट्वीडचे जाकीट, कातडी बटवा आणि जाड लोकरी मोजे. संध्याकाळच्या मेजवानीस चांदीच्या गुंड्यांचे आखूड काळे जाकीट, बो टाय, केसाळ कातड्याचा बटवा आणि घोट्यावर नाडी गुंडाळलेले जोडे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, किल्ट दोन्ही वेळी तोच असू शकतो. त्याची लांबी बदलत नाही, निऱ्या बदलत नाहीत. पायरी बदलते ती भोवतालच्या वस्तूंनी. धोतराच्या बाबतीत भोवतालच्या वस्तूही बदलतात आणि नेसणही बदलते. शिवलेल्या आणि नेसलेल्या वस्त्रांतील हा भेद आहे.

अशी श्रेणी केवळ स्कॉटलंडची किंवा आपली नाही. १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो राहू लागला आणि १९१६ मध्ये येथेच मरण पावला. त्याच्या देशात दरबारी पुरुषाचे नेसण्याचे वस्त्र म्हणजे 'पासो', अतिशय लांब, पुढे भरघोस चुण्या सोडलेले रेशमी वस्त्र. रोजच्या वापरातली आखूड लोंजी त्याच्या खालच्या पायरीची. कापड जितके जास्त आणि घोळ जितका मोठा तितका मान मोठा, हा हिशेब धोतराच्या लौकिक श्रेणीशी तंतोतंत जुळतो. थिबा पॅलेस पाहावयास विद्यार्थ्यांना नेणाऱ्या प्राध्यापकांना वेषाचा हा धागा उपयोगी पडू शकेल.

उलटी श्रेणी : सोवळे

आतापर्यंत जे सांगितले त्यात वर जावे तसतशी वस्त्रे वाढत जातात. महाराष्ट्रीय धोतराची खरी अवघड गोष्ट पुढे आहे. त्याला दुसरीही एक श्रेणी आहे आणि ती नेमकी उलट दिशेने चढते.

पूजा, व्रतबंध, श्राद्ध, नैवेद्य या कर्मांत श्रेष्ठ वेष म्हणजे सोवळे. त्यात शिवलेले वस्त्र चालत नाही. म्हणून लौकिक श्रेणीत ज्याने मान वाढतो तो कोट, तो अंगरखा, तो जोडा येथे एकेक करून उतरवावा लागतो. उरते ते नेसलेले वस्त्र आणि उपरणे. नेसण्याचे वस्त्र रेशमी असेल तर कद, मुकटा किंवा पीतांबर. लोकरी असेल तर धाबळी. सुती धोतरही सोवळ्याचे होऊ शकते, पण ते धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा ठिकाणी वाळविलेले असले पाहिजे. रेशमाचे महत्त्व येथे श्रीमंतीसाठी नाही. रेशीम व लोकर यांना सुतासारखा विटाळ लागत नाही, ही समजूत त्यामागे आहे. जुना, विटका, दोन ठिकाणी शिवलेला मुकटा सोवळ्यात चालतो. सभेत त्याच दर्जाचे धोतर नेसून गेल्यास हसे होईल.

या दोन श्रेणी एकाच दिवसात पाहावयाच्या असतील तर जुन्या पद्धतीचे लग्न पाहावे. विधींच्या वेळी नवरदेव कद किंवा पीतांबर नेसून, अंगावर उपरणे घेऊन बसतो. वरातीला निघताना तोच नवरदेव अंगरखा किंवा कोट चढवितो, पगडी किंवा फेटा बांधतो, शेला घेतो. दोन्ही वेष पूर्ण औपचारिकच. पहिला देवाब्राह्मणांसमोरचा, दुसरा लोकांसमोरचा. यांतील एकाचा तुकडा दुसऱ्यात मिसळला की गोंधळ होतो. अलीकडे गणपतीच्या दिवसांत बाजारात इलॅस्टिक घालून शिवलेली तयार 'सोवळी' सर्रास मिळतात. त्यांची सोय नाकारता येत नाही, लहान मुलांसाठी तर ती उत्तमच. परंतु शिवलेले सोवळे हा शब्दप्रयोग मुळातच आपल्या अर्थाला छेद देणारा आहे, हे निदान भाषेच्या अध्यापकांनी तरी लक्षात घ्यावयास हवे. उलट, महाविद्यालयाच्या व्यासपीठावर सत्कारमूर्ती म्हणून बसताना भगव्या-पिवळ्या रेशमी पीतांबराची निवड करणे हेही प्रसंगाशी विसंगत आहे. ते देवघराचे वस्त्र आहे. सभेचे वस्त्र पांढरे.

शोकाच्या प्रसंगी दोन्ही श्रेणी बाजूला सारल्या जातात. और्ध्वदेहिक करणारा स्नान करून ओलेत्याने, साधे पांढरे धोतर किंवा पंचा नेसतो. रेशीम, रंग, जर यांना तेथे स्थान नसते आणि डोके उघडे असते. भेटीस जाणाऱ्याने साधे पांढरे, कमी रुंदीच्या काठाचे धोतर नेसावे, घोळ फार सोडू नये, एवढे पाळले तरी पुरे.

लौकिक आणि धार्मिक या दोन श्रेणींच्या मधोमध उभा राहणारा एक पुरुष मराठी समाजात आहे : कीर्तनकार. नारदीय कीर्तनकार देवासमोर उभा असतो आणि श्रोत्यांसमोरही. म्हणून तो सोवळे नेसत नाही. पांढरे धोतर, अंगरखा किंवा लांब अंगवस्त्र, उपरणे आणि पगडी असा पूर्ण सभावेष करतो आणि पायांतील जोडा मात्र काढून ठेवतो. वारकरी कीर्तनकार धोतर, सदरा, उपरणे व फेटा वापरतो. धोतर पूर्ण घोळाने नेसून तास-दोन तास उभे राहणे, वळणे, क्वचित नाचणे कसे साधते, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने कोकणातल्या कोणत्याही देवळातील उत्सवाच्या कीर्तनाला जाऊन नीट पाहावे. सभावेषाचे धोतर आजही सातत्याने व सहजतेने जेथे दिसते अशी ही थोड्या जागांपैकी एक जागा आहे.

निऱ्यांचा अधिकार

वर वर्णिलेली श्रेणी सर्वांना खुली होती असा समज करून घेतल्यास तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. पेशवाईच्या काळात सोनार ज्ञातीतील लोक स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवीत, निऱ्या घालून धोतर नेसत आणि अभिवादनासाठी 'नमस्कार' हा शब्द वापरीत. या दोन्ही गोष्टी आपल्या विशेष हक्काच्या असे ब्राह्मणांचे म्हणणे होते, आणि पेशव्यांच्या सत्तेच्या बळावर त्यांनी सोनारांचा हा प्रयत्न हाणून पाडला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील अधिकाऱ्यांकडूनही त्यांनी १७७९ मध्ये तेथील सोनारांविरुद्ध मनाईहुकूम मिळविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात हे उदाहरण दिले आहे. धोतराच्या निऱ्या हा सौंदर्याचा प्रश्न वाटतो. राज्यसत्तेला त्यात लक्ष घालावे लागले, यावरून त्या निऱ्यांमध्ये काय दडले होते याची कल्पना येते. स्कॉटलंडमध्ये परक्या सत्तेने वेष हिरावला. येथे तो आपल्याच समाजाने आपल्याच माणसांना नाकारला.

स्वाभाविकच, या श्रेणीला आव्हान देणाऱ्यांनी वेषाचेच माध्यम वापरले. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी दिलेल्या मेजवानीस महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. एरवी स्वतः धोतर, कोट, उपरणे व पगडी वापरणाऱ्या फुल्यांना सभावेष ठाऊक नव्हता असे नव्हे. तो मुद्दाम टाळून त्यांनी, रयत खरोखर कशी राहते ते राजपुत्रापुढे उभे केले. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे पंचाचा स्वीकार केला आणि १९३१ मध्ये पंचा, शाल व चपला अशाच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्जच्या भेटीस गेले. घरातल्या पायरीचे वस्त्र त्यांनी दरबारात नेले.

आंबेडकरांचा मार्ग याच्या उलट होता, आणि तो समजून घेणे अधिक आवश्यक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषदेस आलेल्या अस्पृश्य स्त्रियांना त्यांनी, ज्यावरून जात ओळखू येते ती लुगडे नेसण्याची रीत सोडून वरिष्ठ वर्गांतील स्त्रियांप्रमाणे नेसण्यास सांगितले. स्वतः ते विलायती पोशाख करीत. ज्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे त्या आंबेडकरांना या प्रदेशातील वेषाचा उच्चनीचपणा पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. ज्याला वस्त्र कमी करण्याची मुभा आधीपासून आहे तो पंचा नेसून त्याग दाखवू शकतो. ज्याच्यावर आखूड वस्त्र लादले गेले आहे त्याच्या दृष्टीने पूर्ण, घोळदार, स्वच्छ वस्त्र हाच प्रतिष्ठेचा उच्चार असतो. 'साधेपणा' हा शब्द आपण व्यासपीठावरून फार सहज वापरतो, म्हणून ही नोंद.

आजचा व्यवहार

जुलै २०१४ मध्ये चेन्नई येथील एका क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरन्थामन यांना वेष्टी नेसली म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने, वेष्टीसारख्या वेषामुळे सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. तेथे वेष्टी अजूनही जिवंत, दैनंदिन वेष असल्यामुळे तिच्या मानाचा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. महाराष्ट्रात धोतराला कोणी दारात अडवील असे वाटत नाही. दाराशी ते नेसून येणारेच फारसे उरलेले नाहीत. आपल्याकडे धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. महाविद्यालयांतील 'पारंपरिक दिना'ला शिवलेले धोतर, त्यावर चमकदार शेरवानी, गळ्यात सोवळ्याचे उपरणे, डोक्यावर पुणेरी पगडी आणि पायात कोल्हापुरी अशी चार पायऱ्यांची वस्त्रे एकाच अंगावर येतात. मुलांची हौस मोडण्याचे कारण नाही. पण जे वेषभूषा स्पर्धेत चालते ते दीक्षान्त समारंभात चालेलच असे नाही.

एखाद्या संस्थेने औपचारिक वेष म्हणून धोतराचा पर्याय ठेवावयाचा ठरविल्यास, प्रस्तुत लेखकाच्या मते, पांढरे सुती हातमागाचे धोतर, पूर्ण घोळाने नेसलेले, बारीक काठाचे. वर साधा सदरा आणि गडद रंगाचा बंद गळ्याचा कोट. डाव्या खांद्यावर घडी घातलेले पांढरे उपरणे. आणि पायात बंद जोडा, असा वेष योग्य ठरेल. कोटाची लांबी गुडघ्याच्या जरा वर असावी. कंबरेपाशी संपणाऱ्या आखूड कोटाखाली कासोट्याचा फुगवटा दिसतो आणि रेषा बिघडते. पगडी वगळावी. ती विशिष्ट समाजगटांच्या ओळखीशी इतकी जोडलेली आहे की संस्थेच्या वेषात तिचा समावेश म्हणजे पुन्हा एकदा अधिकाराची रेघ ओढणे होईल. विद्याशाखेची खूण दाखवावयाची असेल तर उपरण्याच्या काठाचा रंग त्या कामी पुरेसा आहे, आणि काळ्या झग्यावरील रंगीत पट्टीचे कामही मुळात तेच असते. उद्घाटन, चर्चासत्र यांसारख्या मधल्या प्रसंगी कोटाऐवजी जाकीट चालावे, उपरणे नसले तरी हरकत नसावी.

हा पर्यायच राहावा, सक्ती होऊ नये, याविषयी मात्र दुमत असण्याचे कारण नाही. मुसलमान, ख्रिस्ती, आदिवासी विद्यार्थ्यांचा 'परंपरागत' वेष आपण त्यांच्यावतीने ठरविणे हे १७७९ च्या मनाईहुकुमाचेच उलटे रूप ठरेल. विद्यार्थिनींच्या बाबतीत समित्या बहुधा 'साडी' एवढे लिहून पुढे सरकतात. त्यांच्यासाठीही धोतराइतकाच तपशीलवार विचार करावा लागेल.

शेवटी एक अगदी व्यावहारिक गोष्ट. आपल्या बहुतेक सभागृहांतील व्यासपीठाला बाजूने अरुंद पायऱ्या असतात आणि पदवी घेणारा त्या चढताना समोर पाहत असतो. पायघोळ धोतर नेसणाऱ्याने पहिल्या पायरीवर सोगा डाव्या हातात उचलून घ्यावा, वर पोहोचल्यावर सोडावा, आणि उजवा हात प्रमाणपत्रासाठी मोकळा ठेवावा. आदल्या दिवशी तालीम करताना हे दोनदा करून पाहिले म्हणजे पुरे.